उंचीवरच्या ट्रेकचे अंदाजपत्रक : दोन जादा दिवसांची किंमत

दिवाळीच्या सुट्टीला जोडून एव्हरेस्ट बेस कॅम्प करायचा, असे बेत पुण्या-मुंबईतील ट्रेकर मंडळींत दरवर्षी ठरतात. पहिल्या बैठकीत विमानाची तिकिटे, बूट, जॅकेट आणि रजा यांचा हिशेब होतो. रजा थोडी कमी पडते. मग कुणीतरी सुचवते, ‘नामचेला दोन रात्री कशाला? राजगड-तोरणा तर आपण एका दिवसात करतो. तो दिवस काढून टाकू.’ कागदावरची एक ओळ खोडली जाते आणि थोडे पैसेही वाचतात. पण आरोग्याच्या दृष्टीने साऱ्या बेतातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच असते.

शरीराला दिवस का लागतात?

बेस कॅम्पची उंची 5,364 मीटर आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण समुद्रकिनाऱ्याइतकेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. तो जवळपास निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर 1,646 मीटरचे. त्यामुळे सह्याद्रीत कितीही भटकंती केली तरी इतक्या विरळ हवेची सवय शरीराला होत नाही.

उंचीवर गेल्यावर शरीर आधी श्वास वाढवते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात. या कामाला काही दिवस लागतात आणि रक्तातील तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर काही आठवडे. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही यात सवलत नाही. तंदुरुस्तीमुळे चढ सोपा जातो, उंचीच्या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर पोचतो आणि तिथे आजारी पडतो.

वेळापत्रक कसे आखावे?

डॉक्टर साधारण नियम सांगतात तो असा : 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा.

आता प्रत्यक्ष वाट पाहू. काठमांडू सुमारे 1,400 मीटरवर आहे. तेथून विमानाने लुक्ला गाठले की काही मिनिटांत माणूस 2,800 मीटरच्या वर पोचतो. पहिला मुक्काम थोडा खाली फाकडिंगला (2,610 मीटर), दुसरा नामचे बाजारला (3,440 मीटर). एका दिवसात आठशे मीटरची वाढ झाली, म्हणून नामचेला दोन रात्री. पुढे तेंगबोचे (3,860 मीटर), मग डिंगबोचे (4,410 मीटर) आणि तिथेही दोन रात्री. त्यानंतर लोबुचे, गोरक्षेप आणि बेस कॅम्प. परतीचे दिवस धरून लुक्ला ते लुक्ला 11-12 दिवस होतात. मुक्कामाच्या दिवशी नुसते पडून राहायचे नसते. दिवसा थोडे वर चढून यायचे आणि रात्री पुन्हा खालीच झोपायचे.

याशिवाय काठमांडूत दोन दिवस हाताशी हवेत. लुक्लाची विमाने ढग-वाऱ्यामुळे वारंवार रद्द होतात, आणि गर्दीच्या मोसमात बरीच उड्डाणे काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या अंतरावरील रामेछापहून होतात. परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच घ्यावे. उद्याचे विमान चुकेल या धास्तीने माणूस डोकेदुखी लपवतो आणि चालत राहतो. खरा धोका तिथे सुरू होतो.

पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्कही सार्क देशांतील नागरिकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी आहे. भारतीय 100 रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात, हे हिशेबाला लक्षात ठेवावे.

वाटेवर जसजसे वर जावे तसे प्रत्येक वस्तूचे दर चढतात, कारण माल माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवरून येतो. गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, वायफाय यांचे वेगळे पैसे पडतात. इथे बचत जरूर करावी. बाटलीबंद पाण्याऐवजी पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या न्याव्यात. जेवणात डाळ-भात घ्यावा, तो पुन्हा वाढून मिळतो. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत भाड्याने मिळतात. नामचेच्या पुढे एटीएमचा भरवसा धरू नये, रोकड जवळ ठेवावी.

बचत करू नये अशा बाबी मात्र ठरलेल्या आहेत. पहिली, वरचे दोन जादा मुक्काम. त्यांचा खर्च म्हणजे दोन दिवसांचे राहणे-जेवण आणि सोबतच्या माणसांची मजुरी. याउलट हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणून दुसरी बाब विम्याची. साध्या प्रवासविम्यात ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक बहुधा वगळलेला असतो. 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही पॉलिसीत लिहिलेले आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचावे.

तिसरी बाब माणसांची. सहा जणांच्या गटासोबत एकच गाईड असेल आणि एक जण आजारी पडला, तर त्याला खाली कोण नेणार? आजाऱ्याला एकट्याने उतरू देणे धोक्याचे. त्यामुळे एका सहायक गाईडची मजुरी आधीच धरावी. पोर्टरचाही विमा आणि गरम कपडे आहेत ना, ते विचारावे. अनेक पोर्टर खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात आणि उंचीचा आजार त्यांनाही होतो.

लक्षणे आणि औषध

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे, गरगरणे, फार थकवा ही सुरुवातीची लक्षणे. ती असताना वर चढू नये. तिथेच थांबावे, आणि बरे न वाटल्यास खाली यावे. माणूस सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल, तर मेंदूला सूज आल्याची किंवा फुप्फुसांत पाणी झाल्याची शंका घ्यावी. रात्र असली तरी उतरायला लागावे. कोविडकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर सोबत असावा, पण आकडा बरा दिसतो म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नये.

अॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला गती देते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास आधी सांगावे. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. मात्र हे औषध घेतले म्हणून मुक्कामाचा दिवस गाळता येत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तक्षय असणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

डिंगबोचेजवळच फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे वैद्यकीय केंद्र आहे. 1973 मध्ये सुरू झालेली ही संस्था मोसमात तेथे उंचीच्या आजारावर रोज माहिती देते. डिंगबोचेचा मुक्कामाचा दिवस त्यासाठी सत्कारणी लावता येतो.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी गटाने आणखी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी : कुणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि तो जादा खर्च सर्वांनी कसा वाटून घ्यायचा. हे पुण्यात ठरले असेल, तर लोबुचेच्या थंडीत ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणणे कुणालाही जड जाणार नाही.