ईदीचे पैसे आणि पोकेमॉनची पाकिटे

गेल्या ईदला आमच्या धाकट्याकडे साडेआठशे रुपये ईदी जमली. नानी, खाला, दोन्ही मामू, शेजारचे चाचा, सगळ्यांची मिळून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या खिशात तीस रुपये उरले होते आणि दप्तरात सोनेरी, चकचकीत कार्डांचा जाडजूड गठ्ठा होता. शाळेजवळच्या एका दुकानात पोकेमॉनची पाकिटे मिळतात. आत कोणती कार्डे निघतील ते आधी कळत नाही. त्याला एक ठरावीक कार्ड हवे होते. ते निघेपर्यंत तो पाकिटे घेत राहिला आणि ते शेवटपर्यंत निघालेच नाही.

गठ्ठा अम्मींच्या नजरेस पडला. "आजवर या घरात पत्ते आले नाहीत. हा जुगार आहे, उचल आणि बाहेर टाक," त्या म्हणाल्या. धाकटा रडायला लागला. "दादी, हे पत्ते नाहीत, हा खेळ आहे." अम्मी म्हणाल्या, "बरं, मग खेळून दाखव."

त्याला खेळता येत नव्हते. त्याच्या वर्गात कुणालाच येत नव्हते. ही मुले कार्डे जमवत, एकमेकांना दाखवत आणि ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा तो समोरच्याचे कार्ड घेऊन जाई. म्हणजे अम्मींचे म्हणणे तसे खोटे नव्हते. पण मुलाचेही खोटे नव्हते, कारण या कार्डांचा खराखुरा, नियमांचा खेळ आहे. तो काय आहे हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हते. बाहेर टाकण्याआधी समजून तरी घेऊ, असे ठरवले. त्यात दोन महिने गेले. ज्या घरांत अशी पाकिटे शिरली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

जमवायची आणि खेळायची अशी दोन्ही कामे एकाच कार्डाने करणारा हा प्रकार तसा नवा आहे. अमेरिकेतले गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला, आणि पुढचे असे बहुतेक खेळ त्याच्या वाटेने गेले. पोकेमॉनची कार्डे १९९६ मध्ये जपानात निघाली आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आली. बावन्न पत्त्यांत राजा, राणी, गुलाम ठरलेले असतात. इथे प्रत्येक कार्डावर त्याचे काम लिहिलेले असते आणि कोणती साठ कार्डे घेऊन बसायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

पणाला लावण्याचे म्हणाल तर मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत ते खरोखरच होते. दोघांनी एकेक कार्ड बाजूला काढायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची. लोकांना ते रुचले नाही, पुढे ते मागे पडले आणि त्यासाठीची कार्डे आता स्पर्धांत चालत नाहीत. पोकेमॉनच्या नियमांत तसले काही नाही. त्यात 'प्राइझ कार्ड' असा शब्द येतो आणि तिथेच घोटाळा होतो. ही बक्षिसाची कार्डे म्हणजे आपल्याच गठ्ठ्यातून आपण पालथी मांडून ठेवलेली सहा कार्डे. समोरच्याचे एक पोकेमॉन गारद केले की आपल्याच सहांतले एक आपण हातात घ्यायचे. खेळ संपला की ज्याची कार्डे त्याच्याकडे. हे अम्मींना समजावले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मग शाळेत काय चाललंय?" शाळेत चालले होते ते मुलांनी स्वतः काढलेले होते. धाकट्याला त्या दिवसापासून ते बंद झाले.

दुसरा धक्का सोनेरी कार्डांचा. ती सगळी नकली होती. अस्सल कार्ड हातात घेतल्यावरच फरक कळतो, पण काही खुणा सांगता येतात. अस्सल कार्ड जाड कागदाचे असते, प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या पातळ तुकड्यासारखे लागत नाही. त्याची पाठ गडद निळी असते. नकलीची फिकी किंवा जांभळट दिसते. नकली कार्डावर इंग्रजी स्पेलिंग चुकलेली असतात आणि ताकदीचे आकडे वाटेल तेवढे मोठे छापलेले असतात, कारण मुले आकडा बघूनच भुलतात. अस्सल इंग्रजी पाकिटात साधारण दहा कार्डे असतात आणि ते दहा-वीस रुपयांत मिळत नाही. किंमत पाहूनच ओळखावे. आमच्या गठ्ठ्यात एकाच चित्राची पाच कार्डे निघाली, पाचही "दुर्मीळ". धाकटा ते पाहून स्वतःच हसला, ते बरे झाले.

आता सुरुवात कशी करावी. पाकिटांपासून तर मुळीच नाही. पाकिटातली दहा कार्डे एकमेकांना पूरक असतीलच असे नाही. तशी पन्नास पाकिटे फोडली तरी खेळण्याजोगा गठ्ठा होईल याची खात्री नसते. त्यापेक्षा साठ कार्डांचे तयार गठ्ठे, म्हणजे 'डेक', मिळतात. ते पेटीतून काढले की लगेच खेळता येतात. आम्ही मस्कतच्या मामूंना सांगून 'बॅटल अॅकॅडमी' नावाची पेटी मागवली. तिच्यात तीन तयार डेक, मांडणीचा पट, जखमा मोजायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या आणि शिकवणारी पुस्तिका असते. पहिल्या डावासाठी कार्डे क्रमाने लावून दिलेली असतात, म्हणून ती पिसायची नाहीत. आमच्या उत्साही मंडळींनी ती पहिल्याच मिनिटाला पिसली. पेटी स्वस्त नाही. पण ती एकदाच घ्यावी लागते आणि दोन-तीन भावंडांच्या घरांत मिळून एक पुरते. खर्चच करायचा नसेल तर 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' हे फुकटचे अॅप आहे, त्यात नियम शिकता येतात आणि तयार डेकही मिळतात. आम्हाला मात्र आणखी एक पडदा घरात नको होता.

खेळ असा. दोघे समोरासमोर बसतात, आपापली साठ कार्डे पिसतात, सात हातात घेतात. त्यांत निदान एक प्राथमिक पोकेमॉन, म्हणजे 'बेसिक' लिहिलेले कार्ड, हवे. नसेल तर हात उघडा दाखवून पुन्हा पिसायचे आणि त्याबद्दल समोरच्याला एक जादा कार्ड घेता येते. एक बेसिक समोर मैदानात ठेवायचे, बाकीचे हवे तर मागच्या बाकावर; बाकावर पाचांना जागा. सहा बक्षीसकार्डे बाजूला. नाणे उडवून पहिली पाळी कुणाची ते ठरते. पहिल्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही, म्हणजे आधी येणाऱ्याचा फार फायदा होत नाही.

प्रत्येक पाळीत आधी एक कार्ड उचलायचे. मग एनर्जीचे एकच कार्ड आपल्या एका पोकेमॉनला लावायचे. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, कारण हे एकच कार्ड ते विसरतात. हल्ल्याला तीन एनर्जी लागत असतील तर तीन पाळ्या वाट पाहावी लागते, आणि एक पाळी विसरलात की समोरचा तेवढा पुढे गेला. शेवटी हल्ला. हल्ला केला की पाळी संपली, म्हणून करायचे ते सगळे त्याआधी.

पोकेमॉन वाढतही जाते. चारमँडरवर चारमेलियन, त्यावर चारिझार्ड. पण ज्या पाळीत खाली ठेवले त्याच पाळीत ते वाढवता येत नाही. धाकट्याला हे फार जड गेले. त्याला चारिझार्ड लगेच हवा असे. कार्ड हातात आहे, पण त्याची वेळ आलेली नाही, हे त्याला रोज दहा वेळा ऐकावे लागले.

हिशेबाची मजा 'वीकनेस' मध्ये आहे. आगीचे पोकेमॉन पाण्यापुढे कच्चे, हिरवळीचे आगीपुढे, पाण्याचे बहुधा विजेपुढे. कच्चे असेल त्याच्यावर हल्ला दुप्पट लागतो. समजा चारमँडरचा जीव, म्हणजे एचपी, ७० आहे आणि पाण्याच्या स्क्विर्टलने ३० चा हल्ला केला, तर ६० वजा होतात आणि चारमँडर १० वर तगून राहतो. मग त्याला मैदानात ठेवायचे की एनर्जी मोजून देऊन बाकावर परत न्यायचे? इथे मुले खरा विचार करायला लागतात. जखमा दहा-दहाच्या चकत्यांनी मोजतात. आमच्या चकत्या आठवड्यात हरवल्या, तेव्हापासून चिंचोके चालू आहेत.

तिसऱ्या जातीची कार्डे 'ट्रेनर'. त्यांतले 'सपोर्टर' पाळीला एकच वापरता येते. एक कार्ड सांगते, हातातली सगळी कार्डे टाकून द्या आणि नवी सात घ्या. चांगली कार्डे टाकायला कुणाचाच जीव होत नाही. आम्हीही पहिले आठ दिवस ते धरून बसत होतो आणि हरत होतो. नंतर कळले, अडकलेला हात धरून ठेवण्यात काही राखले जात नाही.

जिंकायचे मार्ग तीन. सहाही बक्षीसकार्डे उचलणे, समोरच्याचे मैदानातले आणि बाकावरचे एकही पोकेमॉन शिल्लक न ठेवणे, किंवा पाळीच्या सुरुवातीला त्याच्या गठ्ठ्यात उचलायला कार्डच नसणे. नावापुढे 'ईएक्स' असलेले पोकेमॉन दणकट असतात, पण ते पडले की समोरचा दोन बक्षीसकार्डे घेतो. मोठे कार्ड म्हणजे नुसता फायदा नाही, जोखीमही दुप्पट, हे धाकट्याला सांगून पटले नाही, दोनदा हरल्यावर पटले.

पहिले चार-पाच डाव दोघांनी हात उघडे ठेवून खेळावेत, हा आमचा आग्रह. कोण जिंकले ते पाहूच नये. कार्डावरचे इंग्रजी वाचावे लागते, आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांना सुरुवातीला ते अडते. आमची थोरली सातवीत आहे, ती धाकट्याला वाचून दाखवी. महिन्याभरात तोच तिच्या चुका काढू लागला. एका नावाची चारच कार्डे डेकमध्ये चालतात, साध्या एनर्जीला ती मर्यादा नाही. एवढे कळले की मुले आपला गठ्ठा स्वतः बदलून पाहू लागतात. तोवर तयार डेकला हात लावू नये.

राहिला पाकिटांचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच आहे. पैसे देऊन आत काय आहे ते न कळणे, आणि एकदा हुकले म्हणून पुन्हा घेणे. २००१ मध्ये सौदी अरेबियाच्या मुफ्तींनी पोकेमॉनला मनाई करणारा फतवा दिला, त्यात जुगाराशी असलेले साम्य हे एक कारण होते. २०१६ मध्ये मोबाइलवर 'पोकेमॉन गो' आले तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. आम्ही आलिम नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात : तयार डेक घेऊन घरात खेळणे ही एक, आणि बंद पाकिटे फोडणे ही दुसरी. एकत्र सांगितल्या तर उत्तरही एकत्रच येईल.

आमच्या घरी पाकिटे बंद झाली आहेत. एखादे कार्ड हवेच असेल तर सुटे विकत मिळते, काय घेतो ते दिसते, किंमत आधी कळते. साधी, खेळायला उपयोगी कार्डे सुटी घेतली तर बहुधा पाकिटापेक्षा स्वस्तच पडतात. मुले ऐकतात ती लाखोंच्या कार्डांची गोष्ट. २०२१ मध्ये एका अमेरिकनाने 'पिकाचू इलस्ट्रेटर' हे कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतले, हे खरे आहे. पण ते कार्ड कुठल्या पाकिटात कधी नव्हतेच. जपानातल्या एका मासिकाच्या चित्रस्पर्धेत १९९७-९८ मध्ये बक्षीस म्हणून दिलेली ती मोजकी कार्डे. धाकट्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या वर्गातला एक मुलगा तेच कार्ड शोधत पाकिटे फोडत होता.

अदलाबदलीला आम्ही मनाई केलेली नाही, पण दोन अटी आहेत. कार्ड आज ठरवायचे आणि उद्या द्यायचे, मधे एक रात्र जाऊ द्यायची. आणि आपल्यापेक्षा लहान मुलाशी सौदा करायचा नाही. दुसरी अट थोरलीने सुचवली, कारण धाकट्याने पहिल्याच आठवड्यात पहिलीतल्या पोराकडून दोन अस्सल कार्डे एका सोनेरी कार्डावर आणली होती. ती परत देऊन यायला त्याला फार लाज वाटली. आम्ही सोबत गेलो, पण बोलला तोच.

अम्मी अजून कार्डांना हात लावत नाहीत. खेळ फक्त मगरीबनंतर अभ्यास झाल्यावर आणि इशाच्या अजानपर्यंत, हा नियम त्यांचाच. त्या पलंगावर बसून तसबीह फिरवत बघत असतात. परवा धाकट्याचा चारिझार्ड मैदानात आला, थोरली विचारात पडली, आणि पलंगावरून आवाज आला, "अगं, पाण्याचं लाव की. दुप्पट लागतं ना?"