लॅपटॉपवर चहा सांडल्यास: आधी वीज, मग पाणी



सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉपवर चहा सांडला की बहुतेक जण तो पुसतात आणि "चालतोय का" हे पाहायला बटण दाबतात. माझ्या एका विद्यार्थ्याचा मदरबोर्ड असाच गेला. तो नुसत्या चहाने गेला नाही, त्या बटणाने गेला. असे का होते?

कारण

शुद्ध पाणी विजेचे फार दुर्बल वाहक आहे. वीज वाहतात ते पाण्यात विरघळलेले आयन. छत्तीसगडमध्ये भिलाईजवळच्या अहिवारा गावालगत नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. चुनखडीच्या जमिनीतले पाणी कॅल्शियमच्या क्षारांमुळे जड होते. अशा पाण्याचा चहा केला की त्यात दुधातले क्षारही मिसळतात.

पाण्याच्या विद्युत अपघटनाला सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात. मदरबोर्डवर ३.३ आणि ५ व्होल्टचे पुरवठे असतात, आणि त्यांतले काही लॅपटॉप बंद असतानाही चालू राहतात. दोन पिनांमध्ये चहा आला की धन बाजूचा धातू आयन होऊन विरघळतो आणि ऋण बाजूवर साचत जातो. तो साचून पूल झाला की शॉर्ट सर्किट होते. म्हणून आधी वीज तोडायची, मग पाणी काढायचे.

काय करावे

१. सॉकेटचे बटण बंद करून कोरड्या हाताने चार्जर काढा.

२. पॉवर बटण सुमारे १० सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका.

३. बॅटरी बाहेर निघत असेल तर काढा. आतली असेल तर तंत्रज्ञाकडून लवकर सोडवून घ्या. बॅटरी फुगली किंवा तापली तर लॅपटॉपपासून दूर व्हा.

४. कीबोर्ड खाली येईल असा लॅपटॉप तंबूसारखा उपडा ठेवा.

५. हेअर ड्रायर वापरू नका. उष्णतेने प्लास्टिक वाकते. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदूळ क्षार आणि साखर शोषत नाही.

६. चहा किंवा कोल्ड्रिंक असेल तर नुसते वाळवणे पुरत नाही. लॅपटॉप उघडून, बॅटरी सोडवून, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावा लागतो.

फाइलींची आशा सोडू नका. एसएसडी वेगळी निघत असेल तर ती बहुधा दुसऱ्या संगणकावर वाचता येते.

स्वाध्याय: साखरेचे द्रावण वीज वाहत नाही. तरीही बिनसाखरेच्या चहापेक्षा गोड चहा कीबोर्डला जास्त त्रासदायक का?