लवादाची नोटीस घरी येते तेव्हा

भावाभावांचे दुकान असो की चुलत्यांची बागायत, वाद उभा राहिला की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले : "चार बुजुर्ग बसवा." रीत चांगली आहे. नवरा-बायकोत बेबनाव वाढला तर दोन्ही घराण्यांतून एकेक हकम नेमावा, असे सूरह निसामध्येच सांगितले आहे. हजरे अस्वद कोणी बसवायचा यावरून कुरैशांत जुंपली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो चादरीवर ठेवून प्रत्येक टोळीला चादर धरायला लावली. नबुवतीच्या आधीची ही गोष्ट. निवाडा पटला, कारण 'अमीन' म्हणून त्यांच्यावर सर्वांचा आधीपासून विश्वास होता.

मात्र जमातीच्या बैठकीतला सल्ला वेगळा आणि कायद्यातला लवाद वेगळा. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याला लेखी करार लागतो. "तुम्ही म्हणाल ते कबूल" एवढ्यावर भागत नाही. एकाहून अधिक लवाद नेमायचे तर संख्या विषम हवी. पण एकदा रीतसर निवाडा झाला, की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. घटस्फोट, मुलांचा ताबा, फौजदारी गुन्हा या गोष्टी लवादाकडे जात नाहीत. हकमांनी तुटत आलेले घर सावरावे, तो त्यांचा मान आहेच. कायद्याने बांधणारा निकाल मात्र त्यांना देता येत नाही. दारुल कझाच्या निर्णयामागे कायद्याची सक्ती नाही, तो मानणे न मानणे पक्षकारांच्या मर्जीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे.

आम्हाला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच लवादाची. रिक्षा, टेम्पो किंवा दुकानासाठी कर्ज घेताना आपण बारीक अक्षरांच्या वीस पानांवर सह्या करतो. त्यातच कुठेतरी लवादाचे कलम असते. हप्ते थकले की परक्या शहरातल्या, कधी नाव न ऐकलेल्या लवादाची नोटीस येते. घरात समजूत अशी, की हे काही कोर्ट नव्हे, जायचे कशाला? पाकीट कपाटावर जाते. इथेच घात होतो. तुम्ही गेला नाहीत तरी लवादाला समोरच्या पुराव्यावर निवाडा देता येतो. तो हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात आव्हान द्यायचे असते. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही नाही. त्यानंतर जप्तीची पाळी येते.

नोटीस कोणी नेमलेल्या लवादाची आहे, ते आधी पाहा. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केले आहे. तेव्हा हरकत लेखी नोंदवा, पहिल्याच तारखेला. "या लवादाला आमची हरकत नाही" अशा कागदावर वसुलीवाला सही मागत असेल तर देऊ नका. वाद उभा राहिल्यानंतरची अशी लेखी संमती तुमचा हक्क घालवते.

पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्ह्याच्या कोर्टातले विधी सेवा कार्यालय गाठावे. कर्ज घरातल्या बाईच्या नावावर असेल तर तिला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.