यंत्रास भाषा आणि प्रदेश सांगावा लागतो

सुनावणीच्या कागदावर '४/५' अशी तारीख असली तर चंद्रपूरचा मनुष्य ४ मे समजेल आणि अमेरिकन मनुष्य ५ एप्रिल. आंकडे तेच, रीत मात्र निराळी. संगणकास यांतलें कांहींच उपजत ठाऊक नसतें. भाषा व प्रदेश यांच्या अशा रीतींच्या समूहास संगणकाच्या परिभाषेंत 'लोकेल' म्हणतात. भारतांतील मराठीची खूण 'एमआर-आयएन' ही होय. पहिलीं दोन अक्षरें भाषेचीं, पुढचीं दोन देशाचीं.

नवल असें कीं, संगणकाच्या मालकानें मराठी निवडलेली असली तरी 'सी' भाषेंतील प्रोग्रॅम आरंभीं तिची दखल घेत नाहीं. तो 'सी' याच नांवाच्या ठरीव लोकेलमध्यें सुरू होतो. प्रोग्रॅम लिहिणारानें 'सेटलोकेल' ही आज्ञा लोकेलच्या नांवाची जागा रिकामी ठेवून दिली, म्हणजे मगच मालकाची निवड लागू होते.

याचें महत्त्व व्यवहारांत दिसतें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाले. अशा एखाद्या ग्रामसभेच्या बांबूच्या हिशेबांत १२,३४,५६७ रुपये ही रक्कम पाश्चात्य रीतीनें १,२३४,५६७ अशी छापली गेली, तर बेरीज बरोबर असूनही वाचणारा अडखळतो. नांवांच्या यादीचेंही तसेंच. आपल्या वर्णमालेंत क्ष आणि ज्ञ शेवटीं येतात. परंतु यंत्र नुसत्या वर्णक्रमांकांवरून यादी लावतें, तेव्हां 'ज्ञानेश्वर' हें नांव 'ज' मध्यें जाऊन बसतें. शेवटच्या पानावर तें शोधणाऱ्यास आपलें नांव गळलें असेंच वाटतें.

आपल्या या वनप्रदेशांत गोंडीही बोलली जाते. तिची खूण 'जीओएन' ही आहे. मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं तयार केलेल्या गोंडी लिपीस २०१७ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें. परंतु अक्षरांस क्रमांक मिळाल्यानें भाषेची रीत यंत्रांत उतरत नाहीं. महिन्यांचीं व वारांचीं नांवें, अक्षरांचा क्रम, हें सारें त्या भाषेच्या जाणकारांनीं लिहून द्यावें लागतें; तें कोणी दिलें नाहीं, तर त्या भाषेच्या माणसास परक्या रीतीनेंच काम चालवावें लागतें.

म्हणून आपल्या घरीं कोणी विद्यार्थी प्रोग्रॅम लिहीत असेल, तर त्यास अवश्य विचारावें: हा कोणासाठीं लिहितोस, आणि त्यांची रीत यंत्रास सांगितलीस काय?