माळ्याची खोली करण्यापूर्वी

कौलारू घराच्या आढ्याखाली वर्षानुवर्षे अडगळीच्या स्वाधीन राहिलेला माळा वाढत्या कुटुंबासाठी वासयोग्य करावयाचा झाल्यास, सुताराला पाचारण करण्यापूर्वी पुढील बाबींचा विचार होणे इष्ट.

उंची : राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) दृष्टीने माळा ही केवळ साठवणीची, फार तर १.५ मीटर उंचीची जागा होय. उलट, उतरत्या छपराखालील राहत्या खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर आणि वळचणीपाशी किमान २.४ मीटर अपेक्षित आहे.

भार : निवासी खोलीच्या तक्तपोशीने दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम चल भार पेलला पाहिजे, सबब, भात नि नारळ यांच्याच वजनाला सरावलेल्या तुळयांची, विशेषतः भिंतीत रुतलेल्या टोकांशी वाळवी वा कूज लागली आहे काय याची, स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करवून घ्यावी.

जिना : उभी शिडी नित्याच्या वापरास निरुपयोगी, पायरीची उंची १९ सेंटिमीटरहून अधिक आणि जिन्याची रुंदी ९० सेंटिमीटरहून कमी नसावी.

उष्मा : कौलांखाली फळ्यांचे अस्तर ठोकताना मध्ये हवेसाठी पोकळी राखावी आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात.

दस्तऐवज : स्थानिक प्राधिकरणाची मंजुरी व सुधारित नकाशा यांखेरीज, घर सामाईक असल्यास, सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती कामास आरंभ होण्यापूर्वीच दप्तरी असावी.