पासवर्ड कारखान्यातलाच

21 ऑक्टोबर 2016. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट तासन्‌तास रखडले. या संकेतस्थळांचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या 'डाइन' (Dyn) या कंपनीच्या सर्व्हरांवर खोट्या विनंत्यांचा मारा सुरू होता आणि तो करणारी फौज होती लोकांच्या घरादुकानांतले सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर!

ही फौज उभी करणाऱ्या 'मिराई' या घुसखोर प्रोग्रामची युक्ती अगदीच साधी. इंटरनेटवर उघडी पडलेली उपकरणं हुडकायची आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहायच्या: 'ॲडमिन-ॲडमिन', 'रूट-12345'. मालकाला पत्ताच नाही. कॅमेरा नेहमीसारखं चित्र दाखवत राहायचा.

गंमत म्हणजे मिराई फक्त तात्पुरत्या मेमरीत राहायचा. उपकरण बंद-चालू केलं की साफ. पण पासवर्ड तोच असेल, तर काही मिनिटांत पुन्हा हजर. म्हणून आधी इंटरनेट तोडायचं, मग बंद-चालू करायचं, पासवर्ड बदलायचा आणि त्यानंतरच पुन्हा जोडायचं.

अर्थात, सगळं खापर ग्राहकाच्या माथी फोडणं बरं नव्हे. काही कॅमेऱ्यांत पासवर्ड आतच पक्का बसवलेला होता. मालकाला तो बदलताच येत नसे. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून सरसकट एकच सोपा पासवर्ड असलेली उपकरणं विकायला बंदी घातली. आपल्याकडे मात्र कॅमेरा बसवणाराच बरेचदा पासवर्ड ठरवून जातो, आणि तो मागून घेऊन त्याच दिवशी बदलणारे विरळाच.