कुंडीतून आलेला वाळा

शुगर लँडमधल्या तुमच्या अंगणात कढीपत्त्याची कुंडी उचललीत आणि खाली काळपट, चकचकीत 'गांडूळ' वळवळलं, तर जरा निरखून पाहा. अंगावर वलयांऐवजी बारीक खवले असतील आणि इवलीशी जीभ आत-बाहेर होत असेल, तर तो आपला वाळा! महाराष्ट्रात पावसाळ्यात न्हाणीघरात निघणारा हा बिनविषारी साप रोपांच्या मातीतून जगभर पसरला. ह्यूस्टन परिसरातही तो पोहोचला आहे.

हे त्याला जमलं कसं? वाळ्यात सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय त्या अंडी घालतात, आणि पिल्लंही माद्याच. म्हणजे एका कुंडीतली एकच मादी नवी वसाहत वसवायला पुरेशी.

परका साप काय करू शकतो, ते ग्वाम बेटावर दिसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने जंगलातल्या 12 देशी पक्ष्यांपैकी 10 जाती बेटावरून संपवल्या. पक्षी गेले, कोळी वाढले.

वाळा मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. असा विध्वंस त्याच्या नावावर नाही. पण जमिनीखालचे बदल पक्ष्यांच्या शांततेसारखे चटकन जाणवत नाहीत.

म्हणून घाबरू नका, मारूही नका. टेक्ससचे स्वतःचे, गुलबट रंगाचे आंधळे सापही असतात. एवढंच करा: दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला रोप देताना जुनी माती झटका, मुळं धुवा आणि ताज्या मातीत लावून द्या. रोप जाऊ दे, वाळा नको!